नवे कोणासाठी, जुने कोणाच्या जिवावर?

जी वस्तू फुकट मिळते तिच्या निर्मितीला खर्च आलेला नसतो, असा एक समज समाजात रूढ आहे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकातच तो खोडून काढलेला असतो. व्यवहारात मात्र तो सहसा मरत नाही. संगणकाच्या क्षेत्रात तर तो विशेषच बळावलेला दिसतो. कचेरीतील कारकून, महाविद्यालयातील अध्यापक आणि परीक्षेचा अर्ज भरणारा विद्यार्थी हे तिघेही ज्या सॉफ्टवेअरवर आपले नित्याचे काम उरकतात, त्याला ठिकठिकाणी लहानमोठी ठिगळे जोडलेली असतात. ब्राउझरमधील जाहिराती अडविणारे एखादे ठिगळ असते, संकेतस्थळावर अर्जाचा नमुना मांडणारे दुसरे असते, मोठ्या फायली उतरवून घेणारे तिसरे असते. त्यांना कोणी ॲड-ऑन म्हणतात, कोणी एक्स्टेन्शन, तर कोणी प्लगइन. यांतील कितीतरी ॲड-ऑन्स कोणत्याही कंपनीची नसतात. दिवसाची नोकरी आटोपून रात्री संगणकापुढे बसणाऱ्या एखाद्या हौशी माणसाने ती लिहिलेली असतात आणि वर्षानुवर्षे तोच ती विनामोबदला सांभाळीत असतो.

या सांभाळणाऱ्यापुढे एक पेच कायमचा उभा असतो. वापरणाऱ्यांपैकी काही जण म्हणतात, 'आम्हाला अमुक नवी सोय हवी.' दुसरे म्हणतात, 'नवे काय हवे ते करा, पण आमचे जे चालू आहे ते बंद पडता कामा नये.' जुन्या आवृत्तीवर चालणारे काम नव्या आवृत्तीवरही विनातक्रार चालले पाहिजे, या अपेक्षेला आपण 'पूर्वसुसंगती' म्हणू. नवी सोय आणि पूर्वसुसंगती या दोन्ही मागण्या, एकेकट्या घेतल्या तर, रास्तच आहेत. परंतु दोन्ही पुऱ्या करण्यासाठी लागणारे तास एकाच माणसाच्या एकाच रात्रीतून काढावयाचे असतात.

या प्रश्नाची चर्चा बहुधा स्वभावाच्या भाषेत होते. जुन्याला चिकटणारे ते सनातनी आणि नव्यामागे धावणारे ते उतावीळ, असे दोन तट पाडले जातात. वस्तुतः हा वाद स्वभावांचा नाही. तो खर्चाच्या वाटणीचा आहे. बदलाचा लाभ कोणाला, त्याचा भार कोणावर आणि भार उचलणाऱ्याला कोणी विचारले होते का, हे तीन प्रश्न विचारल्याखेरीज नव्याची वा जुन्याची बाजू घेण्यात अर्थ नाही.

फायरफॉक्सचा धडा

या दृष्टीने फायरफॉक्स या ब्राउझरचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती ९ नोव्हेंबर २००४ रोजी प्रसिद्ध झाली. तो लोकप्रिय होण्यास जी कारणे घडली, त्यांत ॲड-ऑन्सचा वाटा मोठा होता. त्या काळच्या रचनेत ॲड-ऑन लिहिणाऱ्याला ब्राउझरच्या अंतर्भागात जवळजवळ मुक्तद्वार असे. बटणांच्या जागा बदलणे, पाने निराळ्या तऱ्हेने मांडणे, मूळ कर्त्यांच्या ध्यानीमनी नसलेल्या सोयी निर्माण करणे हे सारे त्याला शक्य होते. घरमालकाने भाडेकरूंना हव्या त्या भिंतीत खिळे ठोकण्याची मुभा द्यावी, तसा हा प्रकार होता.

त्याचा परिणाम काय झाला? भिंत हलवावयाची म्हटली की कोणाचा तरी खिळा निखळू लागला. ब्राउझरच्या कर्त्यांनी अंतर्गत रचनेत साधी सुधारणा केली, तरी कोठले तरी ॲड-ऑन मोडे. २०११ पासून फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या दर सहा आठवड्यांनी निघू लागल्या, तेव्हा ॲड-ऑन लिहिणाऱ्यांची त्रेधा उडाली. कारण प्रत्येक आवृत्तीबरोबर आपले ॲड-ऑन चालते की नाही हे तपासून तसे नोंदवावे लागे. पुढे २०१२ च्या आरंभी बहुतेक ॲड-ऑन्स नव्या आवृत्तीत चालतील असेच गृहीत धरण्याचा नियम झाला आणि तो जाच काहीसा सुसह्य झाला. परंतु मूळ दुखणे कायम होते. गूगलचा क्रोम हा ब्राउझर २००८ साली आला होता. त्यात निरनिराळी पाने निरनिराळ्या प्रक्रियांत चालत. एक पान कोसळले तरी बाकीची वाचत. फायरफॉक्सला ती रचना आणावयाची होती आणि जुनी ॲड-ऑन्स नेमकी तिच्या आड येत होती. मुक्तद्वार हे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही धोक्याचे होते.

अखेर ऑगस्ट २०१५ मध्ये मोझिलाने जाहीर केले की, जुनी पद्धत बंद होणार आणि तिच्या जागी क्रोमशी बरीचशी मिळतीजुळती अशी नवी, मर्यादित पद्धत येणार. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी फायरफॉक्सची ५७ वी आवृत्ती आली आणि त्या दिवसापासून नेहमीच्या फायरफॉक्समध्ये जुन्या पद्धतीची ॲड-ऑन्स चालेनाशी झाली. संस्थांसाठी असलेली दीर्घ मुदतीची ५२ वी आवृत्ती २०१८ पर्यंत त्यांना आधार देत राहिली. मग तोही सरला. नवा ब्राउझर वेगवान होता, हे त्याच्या टीकाकारांनीही मान्य केले.

मोझिलाचा निर्णय तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होता, असेच प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रश्न त्या निर्णयाच्या खर्चाचा आहे. मोझिलाकडे पगारी अभियंते होते आणि शोधसेवा पुरविणाऱ्या कंपन्यांकडून येणारे उत्पन्न होते. ॲड-ऑन लिहिणाऱ्या हजारो माणसांकडे यांतले काहीच नव्हते. एका पगारी संस्थेच्या निर्णयाने बिनपगारी माणसांच्या माथी हजारो तासांचे काम आले. अर्थशास्त्रात याला बाह्य खर्च म्हणतात. कारखान्याचा धूर शेजाऱ्याच्या छातीत जातो, पण कारखान्याच्या हिशेबवहीत त्याची नोंद होत नाही. त्यातलाच हा प्रकार. पूर्वसूचना सव्वादोन वर्षांची होती, ती अपुरी म्हणता येणार नाही. परंतु जुन्या दाराच्या जागी जी नवी दारे उघडून द्यावयाची होती, त्यांतील अनेक त्या मुदतीत तयार नव्हती आणि काही पुढेही उघडली नाहीत. फायली उतरविणारे 'डाउनदेमऑल' हे नामांकित ॲड-ऑन नव्या रूपात परतले ते २०१९ मध्ये, आणि तेही काही जुन्या सोयी गमावून. ब्राउझरला जुने रूप देणारे 'क्लासिक थीम रिस्टोरर' तर नव्या पद्धतीत बसूच शकत नव्हते. ज्यांच्याकडे नव्याने सर्व लिहिण्यास वेळ नव्हता, त्यांनी आपले काम तेथेच सोडून दिले.

जुने सांभाळण्याचीही किंमत

यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, जुने कधी मोडूच नये. पण त्या मार्गानेही जाऊन पाहिलेले लोक आहेत. वर्डप्रेस ही संकेतस्थळे उभारण्याची प्रणाली २००३ सालापासून चालू आहे. जगातील ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे तिच्यावर चालतात आणि तिच्या सूचीत ५० हजारांहून अधिक मोफत प्लगइन्स आहेत. जुन्याशी नाते न तोडणे हे तिचे प्रसिद्ध धोरण. हे धोरण किती टोकाला गेले होते ते पाहा. ज्या पीएचपी भाषेत ती लिहिलेली आहे, तिच्या ५.२ या आवृत्तीची अधिकृत देखभाल २०११ च्या आरंभी संपली होती. वर्डप्रेस मात्र ती आवृत्ती मे २०१९ पर्यंत चालवून घेत होते. त्यामुळे जुन्या सर्व्हरवरील संकेतस्थळे सुखाने चालली हे खरे. पण आपले प्लगइन सर्वांपर्यंत पोहोचावे असे ज्याला वाटे, त्या स्वयंसेवकाला भाषेत मधल्या काळात आलेल्या सोयींवर पाणी सोडावे लागे. म्हणजे येथेही खर्च होताच. फक्त तो मोडतोडीच्या रूपाने न दिसता खोळंब्याच्या रूपाने सोसला जात होता.

वर्डप्रेसच्या बाजूने एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. डिसेंबर २०१८ मध्ये तिने लेखनाचा संपूर्ण नवा संपादक आणला, तेव्हा जुना संपादक हवा असणाऱ्यांसाठी मूळ चमूनेच 'क्लासिक एडिटर' नावाचे प्लगइन दिले. ते २०२१ अखेरपर्यंत सांभाळू असे प्रथम सांगण्यात आले. पुढे ती मुदत वाढविण्यात आली. ५० लाखांहून अधिक संकेतस्थळांनी त्याचा आश्रय घेतला. ज्याने बदल केला त्यानेच जुन्या-नव्यातील सांधा बांधून दिला, हे या उदाहरणातील सार आहे.

नव्या सोयीचा मोह आणि जुने न मोडण्याची भीड हे दोन्ही एकत्र आल्यास काय होते, हे डिसेंबर २०२१ मध्ये जगाने पाहिले. लॉगफोरजे हा असंख्य प्रणालींना जोडला जाणारा, त्यांच्या कामकाजाची नोंद ठेवणारा सॉफ्टवेअरचा एक भाग. त्याची देखभाल मुख्यतः स्वयंसेवकांकडे होती. २०१३ साली एका वापरकर्त्याने सुचविलेली एक सोय त्यात घेण्यात आली. पुढे ती कर्त्यांना आवडेनाशी झाली. पण कोणी तरी तिच्यावर विसंबून असेल, या विचाराने ती काढली गेली नाही. आठ वर्षांनी उघडकीस आले की, याच सोयीच्या वाटेने परका मनुष्य दुसऱ्याच्या संगणकाचा ताबा घेऊ शकतो. मोठमोठ्या कंपन्यांची आणि सरकारांची धावपळ उडाली. दुरुस्तीसाठी रात्री जागविल्या त्या मात्र मूठभर बिनपगारी माणसांनी, आणि शिव्याही त्यांनीच खाल्ल्या.

पूर्वसुसंगतीचे हे ओझे परमुलखातल्या प्रणालींपुरते आहे असे वाचकाने समजू नये. आपण संगणकावर जी मराठी लिहितो, तिच्यातही ते आहे. 'कऱ्हाड', 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' या शब्दांतील अर्ध्या र चे खास मराठी वळण संगणकात साठविण्याच्या दोन रीती युनिकोडला मान्य आहेत. एक रीत इस्की या भारतीय मानकाला अनुसरून आहे. दुसरी युनिकोडच्या २.० या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राखण्यासाठी ठेवलेली आहे. डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात, संगणकाला मात्र ती दोन निराळी अक्षरमालिका वाटतात. एका यादीत 'कऱ्हाड' एका रीतीने आणि दुसऱ्या यादीत दुसऱ्या रीतीने टंकलेले असेल, तर साध्या शोधात एकच गाव दोन गावे ठरते. जुन्या मजकुराचे वाचन अबाधित राहिले, हा लाभ झाला. त्याची किंमत याद्या जुळविणारा कारकून भरतो.

अर्थशास्त्र काय सांगते?

या प्रश्नाकडे अर्थशास्त्रज्ञांचे लक्ष संगणक घरोघरी पोहोचण्यापूर्वीच गेले होते. जोसेफ फॅरल आणि गार्थ सॅलोनर यांनी १९८५ साली दाखवून दिले की, एखादे मानक बहुसंख्यांच्या अंगवळणी पडले की, सर्वांच्या हिताचे असे नवे मानक उपलब्ध असूनही समाज जुन्यातच अडकून राहू शकतो. कारण प्रत्येक जण दुसऱ्याने आधी हलावे याची वाट पाहतो. तसेच, परिस्थिती निराळी असल्यास, पुढे धावणाऱ्यांमुळे मागे राहणाऱ्यांचे अकारण नुकसानही होऊ शकते. तात्पर्य, 'नवे ते चांगले' आणि 'जुने ते सोने' ही दोन्ही वचने धोरण म्हणून सारखीच निरुपयोगी आहेत.

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली मांडलेला विचारही येथे लागू पडतो. सेवा बिघडली की ग्राहकापुढे दोन मार्ग असतात: निघून जाणे किंवा तक्रार करणे. बाजारात निघून गेलेले गिऱ्हाईक मालकाच्या गल्ल्यावर परिणाम करते. विनामोबदला सांभाळल्या जाणाऱ्या ॲड-ऑनच्या बाबतीत मात्र निघून गेलेल्याने कर्त्याचे काहीच बिघडत नाही. उलट त्याचे काम थोडे हलकेच होते. म्हणून सारा भर तक्रारीवर पडतो. जुने मोडले म्हणून एक तक्रार, नवे दिले नाही म्हणून दुसरी. किंमत नावाची जी वस्तू बाजारात मागणीला लगाम घालते, ती येथे नसल्याने मागणीला अंत राहत नाही. मूळ सॉफ्टवेअरची प्रत घेऊन आपली वेगळी शाखा काढण्याची मुभा असते हे खरे. फायरफॉक्सची जुनी ॲड-ऑन पद्धत आवडणाऱ्यांपैकी काहींनी पेल मून या ब्राउझरचा आश्रय घेतला. पण एका ॲड-ऑनसाठी अख्खा ब्राउझर सांभाळणे म्हणजे एका खिडकीसाठी सबंध वाडा विकत घेण्यासारखे आहे.

सांभाळणारा आपल्याला काही देणे लागत नाही, असे यावर कोणी म्हणेल. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. मुक्त सॉफ्टवेअरच्या बहुतेक परवान्यांत 'आहे तसे घ्या, हमी नाही' असेच लिहिलेले असते. परंतु विश्वास हा केवळ करारपत्राने निर्माण होत नाही. दहा वर्षे एखादी सोय अखंड मिळाली की लोक तिच्या भरवशावर आपल्या कामाची घडी बसवितात. ती घडी एकाएकी विस्कटली तर नुकसान त्या एका सोयीपुरते थांबत नाही. पुढच्या वेळी अपडेटची सूचना आली की तो मनुष्य ती टाळतो, आणि सुरक्षिततेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येत असल्याने तो धोक्यात राहतो. मोडतोडीचा हा खर्च कोणाच्याच वहीत लिहिला जात नाही.

नव्या पैशाची आठवण

बदल पचविण्याची एक रीत आपल्या देशाने स्वतः अनुभवलेली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी भारतात दशमान नाणेपद्धती आली. सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. जुनी चार आण्यांची पावली २५ नव्या पैशांशी आणि अधेली ५० नव्या पैशांशी तंतोतंत जुळत होती. आणा मात्र सव्वासहा नव्या पैशांचा होत असल्याने तेथे हिशेबात कुरकुर होती. तरीही व्यवहार ठप्प झाला नाही. जुनी नाणी काही काळ नव्यांबरोबर चालू ठेवण्यात आली, रूपांतराची कोष्टके लोकांच्या हाती देण्यात आली, आणि 'नवा' हे विशेषण जून १९६४ मध्ये, म्हणजे लोकांना सवय झाल्यावर, काढून टाकण्यात आले. बदल पूर्ण झाला. पण त्याचा सांधा बांधण्याची जबाबदारी बदल करणाऱ्या सरकारने घेतली होती. दुकानदाराने स्वतःच्या खर्चाने नाणी वितळवून आणावीत, असे त्याला कोणी सांगितले नाही.

हेच तत्त्व सॉफ्टवेअरला लावता येईल. पहिली गोष्ट म्हणजे, ज्याच्या हाती मूळ प्रणाली आहे आणि ज्याच्याकडे उत्पन्न आहे, त्याने बदल करताना नुसती पूर्वसूचना देऊन थांबू नये. नवे दार उघडल्याखेरीज जुने बंद करू नये. दोन्ही काही काळ बरोबर चालावीत. आणि जुने लिखाण नव्यात आणण्याची साधने व शक्य तेथे मोबदला त्यानेच द्यावा. हा विषय शिळा झालेला नाही. क्रोमने आपल्या एक्स्टेन्शनची जुनी पद्धत २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली आणि 'यूब्लॉक ओरिजिन' हा जाहिराती अडविणारा, देणग्याही न स्वीकारणाऱ्या स्वयंसेवकाने सांभाळलेला जोड तेथे पूर्वीच्या रूपात चालेनासा झाला. त्याच्या कर्त्याला नव्या पद्धतीसाठी निराळी, उणी आवृत्ती करावी लागली. गूगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे ध्यानात घेता, येथे बदलाचा लाभ कोणाला हा प्रश्न अधिकच टोकदार होतो.

दुसरी गोष्ट सांभाळणाऱ्याने करावयाची आहे. आपण काय टिकविणार आणि किती काळ, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवावे. आवृत्तीच्या क्रमांकातील पहिला आकडा बदलला म्हणजे जुन्याशी नाते तुटले, असा संकेत आता अनेक जण पाळतात. तो सर्वांनी पाळावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, नव्या सोयीला नकार देण्याचा आपला अधिकार त्याने संकोच न करता वापरावा. आज घेतलेली प्रत्येक सोय हे उद्याच्या पूर्वसुसंगतीचे कर्ज असते आणि त्याचे व्याज त्यालाच आपल्या रात्रींतून फेडावयाचे असते. लॉगफोरजेच्या कर्त्यांना ते आठ वर्षांनी, चक्रवाढ दराने फेडावे लागले.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्या वापरणाऱ्यांची, आणि विशेषतः संस्थांची. भारत सरकारने मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण २०१५ साली जाहीर केले, ते योग्यच झाले. पण स्वीकार ही एका दिवसाची गोष्ट आहे, देखभाल रोजची. जर्मनीने २०२२ मध्ये अशा सामायिक सॉफ्टवेअरच्या देखभालीसाठी सार्वजनिक निधी सुरू केला. त्यातून लॉगफोरजेच्या कर्त्यांनाही साहाय्य मिळाले. आपल्याकडे एखादे महाविद्यालय आपले संकेतस्थळ दहा मोफत प्लगइन्सवर चालविते आणि वाचविलेल्या पैशांचा अभिमानही बाळगते. त्या बचतीचा लहानसा अंश त्या प्लगइन्सच्या कर्त्यांकडे का जाऊ नये? पैसे देणे नियमात बसत नसेल तर श्रम देता येतील. संगणकशास्त्राचे विद्यार्थी नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी आपल्या जुन्या यंत्रांवर चालवून पाहू शकतात, मराठी मजकूर तिच्यात नीट उमटतो की नाही हे तपासू शकतात, दोष व्यवस्थित लिहून कळवू शकतात, माहितीपुस्तिका मराठीत आणू शकतात. सांभाळणाऱ्याला सर्वांत दुर्मीळ असते ती हीच मदत. कारण त्याच्या घरी जगातील सर्व जुनी यंत्रे नसतात.

नव्या-जुन्याचा हा झगडा कायमचा मिटणार नाही, आणि तो मिटावा अशी अपेक्षाही चुकीची आहे. जे सॉफ्टवेअर कधीच बदलत नाही त्याचा वापर घटत जातो, आणि जे रोज बदलते त्यावर कोणी विसंबत नाही. मधला मार्ग काढण्यास वेळ लागतो, आणि आजवर तो वेळ आपण एका अनोळखी माणसाकडून फुकट घेत आलो आहोत. 'जुने चालू ठेवा' असे त्याला सांगण्याचा अधिकार आपल्याला जरूर आहे. परंतु तो अधिकार गाजविण्यापूर्वी, ते चालू ठेवण्यात आपला वाटा किती, याचा हिशेब प्रत्येक संस्थेने आणि प्रत्येक वापरकर्त्याने एकदा स्वतःशी मांडून पाहिलेला बरा.